खाज, लाज आणि मेडिकलवाल्याची ट्यूब

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि करिअर’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला खाजेवर बोलू द्या. फोनवर थोडा वेळ समोरून आवाजच आला नाही. पण आज सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातल्या तिघांनी मला बाजूला घेऊन, हळू आवाजात, आपापले हात दाखवले. तेव्हा विषय चुकलेला नाही.

मी डॉक्टर नाही, आलिमही नाही. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, वय चौतीस. माझी पात्रता एवढीच की मला लहानपणापासून एक्झिमा आहे. मराठीत त्याला इसब म्हणतात. आमच्या घरच्या बोलीत मात्र फक्त ‘खुजली’. गजकर्ण, खरूज, इसब, घामोळं सगळं त्या एका शब्दात बसायचं. अर्धी गडबड त्या एका शब्दानेच होते, कारण यातले काही आजार एकाचे दुसऱ्याला लागतात आणि काही मुळीच लागत नाहीत.

पाचवी-सहावीपर्यंत माझं कोपरांच्या आत आणि गुडघ्यांच्या मागे खाजायचं. रात्री अम्मी झोपेत माझा हात धरून ठेवायची, “खुजाव नक्को रे” म्हणत. मग ते गेलं. पुष्कळ मुलांचं जातं. माझं तेविसाव्या वर्षी परत आलं. मिरजेहून पुण्याला नोकरीला आलो तो पहिला हिवाळा. कोरडी हवा, दिवसभर एसी, रात्री उशिरापर्यंत काम आणि खोलीवर गीझरचं कढत पाणी. थंडीत त्या पाण्याखाली उभं राहिलं की खाज पाच मिनिटं इतकी छान शांत व्हायची, आणि मग दुप्पट यायची. या वेळी जागा बदलल्या होत्या: मान, पापण्या, मनगटं आणि हात. मोठ्या माणसांत हा आजार बऱ्याचदा याच ठिकाणी येतो.

मी काय केलं? तुम्ही करता तेच. मेडिकलमध्ये जाऊन हात पुढे केला. त्याने एक प्रश्न न विचारता ट्यूब दिली. तीन दिवसांत खाज गायब. मला वाटलं, काय औषध आहे! पंधरा दिवसांनी परत आली, परत ट्यूब. असं मी चार वर्षं केलं. शेवटी मनगटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आणि कोपराच्या आत ताणल्यासारखे पांढरट व्रण उमटले. ते व्रण आजही आहेत. जाणार नाहीत.

त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं ते कधी वाचलंय? बऱ्याचदा तीन औषधं असतात: एक कडक स्टेरॉइड, एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं. आजार कुठलाही असो, तिघांपैकी एखादं लागू पडेल, असा हिशेब. आमच्या धंद्यात याला बग न शोधता सर्व्हर रिस्टार्ट करणं म्हणतात. स्टेरॉइड खाज दाबतं, त्यामुळे कुठल्याही आजारावर पहिले काही दिवस बरं वाटतंच. पण तुम्हाला इसब नसून गजकर्ण असेल, तर स्टेरॉइडमुळे शरीराची लढाई थंडावते आणि बुरशी खुशाल पसरते. तिचं नेहमीचं गोल रूपही बदलतं, मग डॉक्टरलासुद्धा ओळखायला जड जातं. आपल्या देशात आज हट्टी गजकर्ण घरोघर दिसतं, त्यामागे या मलमांचा मोठा हात आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे. ट्यूब काउंटरवर आहे.

पुढे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मला वाटलं होतं त्या नवी, आणखी कडक ट्यूब देतील. त्यांनी आधी विचारलं, “आंघोळ कशाने करता? पाणी किती गरम? अंग कशाने घासता?” मी म्हटलं, जंतुनाशक साबण, घासणी, कढत पाणी. त्या म्हणाल्या, “म्हणजे भिंत तुम्हीच रोज पाडता.”

ही भिंत समजून घ्या, बाकी सगळं आपोआप कळतं. कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, आणि मधला चुना म्हणजे त्वचेतली चरबी. भिंत शाबूत असली की आतलं पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरचं साबण, धूळ, जंतू आत येत नाहीत. इसब असलेल्यांची ही भिंत मुळातच गळकी असते. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की फिलाग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असेल, तर हा आजार होण्याची शक्यता बरीच वाढते. फिलाग्रिन ही भिंत घट्ट आणि ओलसर ठेवतं. सगळ्याच रुग्णांत हा दोष नसतो, पण भिंतीची गोष्ट सगळ्यांना लागू आहे. गळक्या भिंतीतून काहीतरी आत शिरतं, शरीराची संरक्षण यंत्रणा गरज नसताना पेटते, खाज येते. आपण खाजवतो, भिंत आणखी फुटते. म्हणूनच एकाच घरात कुणाला इसब, कुणाला दमा, कुणाला सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका असं सापडतं. माझ्या अब्बांना दमा आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे मला तिशीपर्यंत माहीत नव्हतं.

आणखी एक. इंटरनेटवर फोटो शोधले तर गोऱ्या कातडीवरचे लालभडक चट्टे दिसतात. आपल्या सावळ्या कातडीवर तसं दिसत नाही. आपलं राखाडी, जांभळट, काळपट होतं, खाजवून खाजवून जाड आणि रेघारेघांचं होतं. खाज बरी झाल्यावरही काळे डाग कित्येक महिने राहतात. डाग म्हणजे आजार चालू आहे असं नाही. डाग घालवायला म्हणून कुणी गोरं करणारी क्रीम लावू नका. त्यांतल्या कित्येकींत पुन्हा तेच स्टेरॉइड असतं.

आता लाजेबद्दल. इसब लागत नाही. हात मिळवून नाही, एका ताटात जेवून नाही, एका चटईवर झोपून नाही. तरी चार-पाच वर्षं मी ईदच्या नमाजनंतर गळाभेट घ्यायचो आणि मुसाफहा टाळायचो, हात खिशात. साखरपुड्याला मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला. मी पुरुष, त्यामुळे एवढ्यावर निभावलं. मुलींचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रिश्ता बघायला आलेल्या खाला मानेवरचा डाग बघतात आणि परत जाताना जिन्यात विचारतात, “कोड तर नाही ना?” कोडही लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार, तो वेगळा विषय.

आणि ज्यांना वाटतं की खाज ही काय बोलायची गोष्ट आहे, त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषांनी रेशीम घालायचं नाही हा नियम तुम्हाला माहीत आहे. पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि जुबैर यांना खाजेच्या त्रासामुळे पैगंबरांनी रेशमी कपडा घालायची परवानगी दिली, अशी नोंद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. मला ती वाचून फार बरं वाटलं. खाजेचा त्रास तेव्हा कुणी हसण्यावारी नेला नव्हता.

मग करायचं काय? हा आजार एका झटक्यात कायमचा बरा करणारं औषध नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा, मग तो डॉक्टर असो, हकीम असो की आयुर्वेदवाला. बिनलेबलच्या काळ्या मलमात आणि पुडीतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पण आजार आटोक्यात राहतो. महिनोन्‌महिने आठवणसुद्धा येत नाही इतका आटोक्यात राहतो. आणि त्याचं सगळ्यात मोठं औषध भलतंच कंटाळवाणं आहे: मॉइश्चरायझर.

पाच ते दहा मिनिटांची कोमट पाण्याची आंघोळ. साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना, तोही सौम्य, बिनवासाचा. घासणी नको. टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. किती? इथेच सगळे चुकतात. वाटाण्याएवढं नाही. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागू शकतं. महागडं नको. पांढरी पेट्रोलियम जेली चालते, लिक्विड पॅराफिन असलेलं साधं क्रीम चालतं. वासाचं नको, कारण वासच कित्येकांना बाधतो. त्याच कारणाने अत्तर कपड्याला लावा, मानेला आणि मनगटाला नको. मात्र अशी मलमं मुरलेला कपडा लवकर पेट घेतो. ओढणी आणि बाह्या गॅसपासून सांभाळा.

मॉइश्चरायझरबद्दल आपल्या पोरांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: डब्यावर ‘सेटिल अल्कोहोल’ लिहिलंय, चालेल का? माझ्या एका मित्राने या एका शब्दापायी चांगलं क्रीम फेकून दिलं. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. सेटिल किंवा सेटोस्टिअरिल अल्कोहोल हा मेणासारखा घट्ट पदार्थ असतो, आजकाल बहुधा पाम तेलापासून केलेला. त्याने नशा होत नाही, कातडी मऊ होते. दुसरा प्रश्न: जैतूनचं तेल लावू का? जैतूनबद्दल आपल्या मनात जिव्हाळा आहे, तो मलाही आहे. पण मोठ्या माणसांच्या कातडीवर तपासलं तेव्हा ऑलिव्ह तेलाने वरचा थर कमजोर झालेला दिसला. ते सॅलडवर घ्या. अंगाला तेलच लावायचं असेल तर आपलं खोबरेल बरं.

वुजूबद्दल. दिवसातून पाच वेळा पाणी आणि ते नुसतंच हवेत वाळणं, हे इसबाच्या हातांना जड जातं. पाणी वाळताना कातडीतला ओलावाही घेऊन जातं. पण यावर उपाय आहेत आणि ते धर्माच्या चौकटीतलेच आहेत. अवयव एकदा धुणं फर्ज आहे, तीनदा धुणं सुन्नत. पैगंबर एका मुद्दभर पाण्यात वुजू करत असं हदीसमध्ये आहे, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर. आपण नळ सोडून बादलीभर ओततो. वुजूला साबणाची गरज नाही. अंगठी सैल करा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा आणि लगेच क्रीम लावा. क्रीम वुजूनंतर, आधी नको, म्हणजे पाणी पोचलं की नाही ही शंकाच उरत नाही. मी छोटी ट्यूब खिशात ठेवतो. हातांना भेगा पडून रक्त येत असेल, पाण्याने आजार वाढत असेल, तर आजाऱ्याला तयम्मुमची सवलत कुरआनातच आहे. ती कधी घ्यायची हे तुमच्या डॉक्टरला आणि आलिमला विचारून ठरवा. सवलत न घेणं म्हणजे जास्त धार्मिक असणं, असं मला तरी वाटत नाही.

आता स्टेरॉइड. मी त्याची इतकी निंदा केली, पण तो शत्रू नाही. १९५२ साली पहिल्यांदा हायड्रोकॉर्टिझोनचं मलम अशा कातडीवर चालतं हे दिसून आलं, आणि त्याने या आजाराचा इतिहास बदलला. माझ्या डॉक्टर बाईंनीही मला स्टेरॉइडच दिलं. फरक एवढाच की कुठलं, कुठे, किती आणि किती दिवस हे ठरलेलं होतं. चेहऱ्याला आणि जांघेला सौम्य, तळहाताला कडक. खाज भडकली की रोज, आटोक्यात आली की नुसतं मॉइश्चरायझर, आणि जिथे पुन्हा पुन्हा येतं तिथे डॉक्टरांनी सांगितल्यास आठवड्यातून दोनच दिवस. माप सोपं आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढं दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं, बोटं धरून. पापण्यांसाठी मला टॅक्रोलिमस दिलं, ते स्टेरॉइड नाही. पहिले तीन-चार दिवस झोंबतं, घाबरून सोडू नका. त्यापुढची औषधंही आहेत, गोळ्या आहेत, प्रकाशोपचार आहे. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन आहे, पण त्याची किंमत ऐकून तुमच्या अंगावर वेगळाच काटा येईल.

खाण्याबद्दल एकच सांगतो, कारण त्यात आयुष्यं वाया जातात. अंडी बंद, मासे बंद, वांगं बंद, मटण बंद, असं करत माझं वजन सात किलो उतरलं आणि खाज होती तिथेच राहिली. मोठ्या माणसांत खाण्यामुळे इसब भडकणं कमी आढळतं. ठराविक पदार्थाने दर वेळी त्रास होत असेल तरच डॉक्टरशी बोला.

दोन खुणांना मात्र थांबू नका. पिवळी खपली, पू, ताप, म्हणजे जंतू शिरलेत. आणि एकाएकी एकसारखे, दुखणारे बारीक फोड किंवा खळगे उठले, तर ती नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूची लागण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, पापणीजवळ असेल तर तासाभरात.

आणि सगळा इसब आतूनच येतो असं नाही. काही वेळा बाहेरची एखादी वस्तू तो घडवते. हिजाबच्या पिनेतलं किंवा खोट्या कानातल्यांतलं निकेल. गवंड्याच्या हाताला सिमेंटमधलं क्रोमियम. लग्नात पटकन रंगते म्हणून लावलेली ‘काळी मेहंदी’, जिच्यात केस काळे करायचं पीपीडी हे रसायन असतं. साध्या हिरव्या मेहंदीला मी काही म्हणत नाही, पण काळी लावू नका, फोड येऊन हात सुजलेले मी पाहिलेत. आणि आपल्या महाराष्ट्राची खास देणगी म्हणजे गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात. १९५० च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याचे कण हवेतून येऊन पापण्या, मान, कोपरांच्या आत बसतात, आणि शेतकरी वर्षानुवर्षं ‘उन्हाची खाज’ म्हणून सोसतात. नेमकं काय बाधतंय हे शोधायला पॅच टेस्ट असते. पाठीवर संशयित पदार्थांचे छोटे ठिपके चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, मग परत एकदा बघतात. सुई नाही, रक्त नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो आणि थांबतो.

दोन वर्षांपूर्वी मी मिरजेला गेलो होतो. जेवताना अम्मीने मला भाकरी वाढली आणि तिची बोटं माझ्या ताटाशी आली. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. टोकं कोरडी, जाड, चिरलेली, एका चिरेत रक्त सुकलेलं. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, “पानी लगता सो है. बहोत सालां हुए.” माझ्या खाजेसाठी रात्रभर हात धरून बसणारी बाई. मी पुण्यात डॉक्टर, क्रीम, टेस्ट सगळं केलं आणि तिचे हात कधी पाहिलेच नाहीत. घरात कुणीच नाही. बाईचे हात असेच असतात, अशी आमची समजूत होती. तिचीही.

सरकारी दवाखान्याच्या त्वचा विभागात घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने हात उलटेपालटे केले आणि विचारलं, “खालाजी, लसूण कुठल्या हातात धरता?” अम्मीने न विचार करता डावा हात वर केला. उजव्या हातात सुरी. पाणी दोन्ही हातांना लागतं, साबण दोन्ही हातांना लागतो, आणि आजार नेमका डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना. पॅच टेस्ट केली, लसूणच निघाला. आमच्या अम्मीच्या हाताची बिर्याणी मोहल्ल्यात नावाजलेली आहे, रमजानमध्ये ऑर्डरी असतात, किलोकिलोने लसूण. वीस वर्षं ती सोलते आहे.

मी लगेच म्हटलं, हातमोजे आणतो. डॉक्टर म्हणाला, आणा, भांड्यांसाठी उपयोग होईल. पण लसणातलं जे रसायन बाधतं ते नेहमीच्या हातमोज्यांतून आरपार जातं. उपाय एकच, यांनी लसूण सोलायचा नाही.

परतताना रिक्षात कुणी काही बोललं नाही. घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग स्वयंपाकघरात जाऊन लसणाची टोपली घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि मला म्हणाले, “बैस.” पहिल्या दिवशी आम्हा दोघांना मिळून पाव किलो लसणाला सव्वा तास लागला. अम्मी दारात उभी राहून हसत होती.

आता अब्बा सुरी न वापरता पाकळी दाबून सोलायला शिकलेत. अम्मीची बोटं तीन महिन्यांत भरून आली. यंदाच्या रमजानमध्ये ऑर्डरी वाढल्या, म्हणून धाकट्या भावालाही बसवलंय. तो म्हणतो, नखांतून वास जात नाही.